चार कोटी ओळी आणि एकविसावा रकाना

फोर्टमधला राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या आवारात, कागदांची एक चळत रचायची ठरवू. छापायचा आहे लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. जानेवारी २०२५ मध्ये या कर्नलने चार कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. पानावर पन्नास ओळी, एकाच बाजूला छपाई, कागद नेहमीचा झेरॉक्सचा. आठ लाख पानं होतात. सोळाशे रिम, वजन जवळपास चार टन, उंची ८० मीटर. टॉवरच्या टोकाला चळत थोडक्यात चुकते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा ओळी होत्या दहा हजारांच्या घरात. चळत दोन सेंटिमीटरची.

कोणी ती वाचायला बसलं आणि सेकंदाला एक ओळ या वेगाने, न झोपता, न जेवता वाचत राहिलं, तर ४६३ दिवस लागतील. तेवढ्यात चळत बदललेली असेल. कारण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत तेरा-चौदा हजार बदल असतात. दिवसरात्र धरून तासाला आठ-नऊ बदल. ते करणारी माणसं दर वेळी दोन हजारांच्या आसपास. म्हणजे संपूर्ण कर्नल वाचलेला माणूस पृथ्वीवर कोणी नाही, आणि यापुढे होणारही नाही.

विंडोजची चळत मायक्रोसॉफ्ट कोणाला दाखवत नाही. पण २०१७ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की विंडोजचा सगळा कोड एका भांडारात ठेवला तर ३५ लाख फायली आणि ३०० जीबी होतात, आणि सुमारे चार हजार इंजिनिअर त्यावर रोज हात चालवतात. दिवसाला १,७६० वेळा विंडोज नव्याने बांधून पाहिलं जात होतं.

असे आकडे वाचून छाती दडपते, आणि ते दडपावी म्हणूनच सांगितले जातात. मला मात्र या धंद्यातले लहान आकडे जास्त घाबरवतात. सहा मायक्रोसेकंद, अर्धा सेकंद, वीस आणि एकवीस, एकतीस बिट. मोठा आकडा मिरवायला असतो. गळा धरतो तो लहान आकडा.

सुरुवात कुलाब्यापासून करू, कारण देशात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक तिथेच उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बांधला, १९६० मध्ये तो पूर्ण क्षमतेने चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं नामकरण केलं. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर दहा किलोबाइट. तुमच्या हातातल्या आठ जीबीच्या फोनमध्ये असे आठ लाख अडतीस हजार टिफ्रॅक मावतील. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे हा लेख टिफ्रॅकमध्ये एक चतुर्थांशसुद्धा शिरला नसता.

टिफ्रॅकवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. तिचं काम माणसं करत. भोकं पाडलेली कागदी पट्टी घेऊन यायचं, आपली पाळी आली की यंत्र ताब्यात घ्यायचं, पट्टी चढवायची, चुकलं तर खाली उतरून पुन्हा रांगेत उभं राहायचं. कोणाचं काम आधी, कोणाला किती वेळ, कोणाच्या जागेत कोणी पाय ठेवायचा नाही, हे एकमेकांत बोलून ठरायचं. आज कर्नल मुख्यतः याच तीन गोष्टी सांभाळतो. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला, आणि रांग लावण्याचं काम यंत्राने स्वतःकडे घेतलं. तेव्हापासून ते माणसाकडे परत आलेलं नाही.

आता लालबागच्या मिरची गल्लीत या. मे महिन्यात, वर्षाच्या मसाल्याच्या दिवसांत, इथे बेडगी आणि संकेश्वरीच्या राशींपुढे उभं राहून शिंका आवरत भाव करावा लागतो. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर फोन धरतं, दुकानातला छोटा डबा पैसे आल्याचं मोठ्याने सांगतो आणि मिरची पिशवीत पडते. या चार-पाच सेकंदांत किती ऑपरेटिंग सिस्टीम कामाला लागल्या ते मोजून पाहा. फोनवर अँड्रॉइड, म्हणजे तळाशी लिनक्स. फोनच्या मोडेमची स्वतःची वेगळी छोटी सिस्टीम. सिमकार्डावरसुद्धा एक, कारण सिम हाही संगणकच आहे. मग टॉवर, गिऱ्हाइकाच्या बँकेचे सर्व्हर, मधलं राष्ट्रीय पेमेंट महामंडळ, दुकानदाराची बँक आणि शेवटी तो बोलणारा डबा. अर्धा किलो मिरचीच्या व्यवहाराला आठ-दहा सहज होतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याभरात पहिल्यांदाच दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. दिवसाला साडेचौसष्ट कोटी, सेकंदाला सरासरी साडेसात हजार. ही सरासरी पहाटे तीनची शांतता धरून आहे. संध्याकाळी सातला दादरच्या फुलबाजारापासून भाजीवाल्यांपर्यंत सगळे फोन एकदम बाहेर येतात तेव्हा आकडा कुठल्या कुठे जातो. हे व्यवहार ज्या फोनवरून होतात त्यांतले बहुतेक अँड्रॉइडवर चालतात. जगात चालू अँड्रॉइड उपकरणं ३०० कोटींहून जास्त असल्याचं गुगलने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. मुंबईच्या लोकलमधून रोज ७५ लाख लोक जातात असं धरलं, आणि प्रत्येकाने दर दिवशी एक नवं अँड्रॉइड उपकरण आणलं, तर तीनशे कोटी व्हायला चारशे दिवस लागतील. एवढी मक्तेदारी सरकारच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

मग आपली स्वतःची सिस्टीम का नको, हा प्रश्न दर दोन वर्षांनी उसळी मारतो. सीडॅकची बॉस आहे, संरक्षण मंत्रालयाची माया आहे, मद्रास आयआयटीत वाढलेली भारओएस आहे. तिन्हींच्या तळाशी मात्र लिनक्सच आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी निघते, त्यात नोव्हेंबर २०१७ पासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. आपल्या पावसाचा अंदाज काढायला पुण्यात बसवलेला 'अर्का' हा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणकही त्याच जातकुळीतला. तेव्हा स्वदेशीचा खरा अर्थ इथे एवढाच उरतो की दुरुस्ती कोण करणार आणि कधी करणार. त्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

दलाल स्ट्रीटवर हिशेब उलटा आहे. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम जितकी कमी मध्ये येईल तितकी चांगली. मुंबई शेअर बाजारात १४ मार्च १९९५ ला बोल्ट ही संगणकीय पद्धत आली आणि रिंगणात ओरडून सौदे करण्याचा जमाना संपला. तेव्हा यंत्रं टँडेम कंपनीची होती, मध्येच बंद न पडण्याबद्दल नावाजलेली. २०१३ मध्ये बाजाराने जर्मन बाजाराची लिनक्सवर चालणारी टी-७ प्रणाली घेतली, आणि आज तो सहा मायक्रोसेकंदांत सौद्याला प्रतिसाद देणारा जगातला सर्वांत वेगवान बाजार म्हणून स्वतःची जाहिरात करतो.

सहा मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सहा. काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश तेवढ्या वेळात १.२ किलोमीटर जातो. शेअर बाजाराच्या जिजीभॉय टॉवरमधून निघालेला किरण सीएसएमटीपर्यंत जेमतेम पोचतो, आणि तोवर इथे सौद्याला उत्तर मिळालेलं असतं. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एवढ्यात अठरा हजार ठोके मिळतात. पुष्कळ वाटतात, पण सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीमने एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारायची म्हटली तरी त्यातले कित्येक हजार खर्ची पडतात. म्हणून ज्यांना वेग हवा ते कर्नलला वळसा घालतात: नेटवर्क कार्डावर आलेला संदेश कर्नलच्या हातात न देता थेट आपल्या प्रोग्रामच्या स्मृतीत उतरवून घेतात. चार कोटी ओळींची सिस्टीम विकत घ्यायची, आणि खरं काम आलं की तिला बाजूला बसवायचं!

या वेळेच्या बाबतीत लिनक्सवाल्यांचा स्वतःचा एक जुना वाद होता. अमुक काम अमुक वेळेत होईलच, अशी हमी कर्नलने द्यावी का? कारखान्यातला यंत्रमानव किंवा ध्वनिमुद्रणाचं यंत्र यांना सरासरी वेग चालत नाही, हमी लागते. ही हमी देणारी जोडणी वीस वर्षं मूळ कर्नलच्या बाहेर वाढत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत थॉमस ग्लाइक्सनर यांनी ती आत घेण्याची विनंती टोरवाल्ड्स यांना कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून हातात दिली. रिबिनसकट. वीस वर्षं थांबलेल्या माणसाला एवढी हौस परवडते.

आता येतो तो लहान आकडा, ज्याने सगळ्यांना झोपेतून उठवलं.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. मुंबईत सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं झालेली, कचेऱ्या नुकत्याच उघडत होत्या. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या विंडोज यंत्रांवर एक छोटी फाइल पाठवली. नव्या हल्ल्यांची लक्षणं सांगणाऱ्या अशा फायली ती दिवसातून अनेकदा पाठवते. या फाइलमध्ये एकवीस रकान्यांची अपेक्षा होती. यंत्रावर आधीपासून बसलेला प्रोग्राम वीसच रकाने भरून देत होता. प्रोग्राम एकविसावा वाचायला गेला, तिथे त्याची जागाच नव्हती, आणि यंत्र निळा पडदा दाखवून पडलं. पुन्हा चालू केलं तर पुन्हा पडलं, कारण सुरू होतानाच तो प्रोग्राम सर्वांत आधी जागा होत होता.

कंपनीने चूक ओळखून फाइल मागे घेतली तेव्हा दहा वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. एकूण ७८ मिनिटं. तेवढ्यात ८५ लाख यंत्रं आडवी झाली. सरासरी काढली तर मिनिटाला एक लाखाहून जास्त. मायक्रोसॉफ्टने लगेच सांगितलं की हे प्रमाण जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. आकडा खरा होता. दिलासा मात्र कोणाला वाटला नाही, कारण ती एक टक्का यंत्रं विमान कंपन्या, रुग्णालयं आणि बँका चालवत होती. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अमेरिकेत डेल्टा या एका कंपनीची सात हजारांच्या आसपास उड्डाणं रद्द झाली.

दुरुस्तीचा हिशेब तर याहून भारी आहे. यंत्र नीट सुरूच होत नसल्याने दुरून काही करता येत नव्हतं. माणसाने खुर्चीपर्यंत जायचं, यंत्र सेफ मोडमध्ये चालू करायचं, डिस्क कुलूपबंद असेल तर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधून टाइप करायची, ती एक फाइल पुसायची. यंत्रामागे पंधरा मिनिटं धरा. ८५ लाख गुणिले पंधरा मिनिटं म्हणजे सव्वाएकवीस लाख तास. एकाच माणसाने सलग केलं असतं तर २४२ वर्षं.

आणि आपल्याकडे? मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेने त्याच संध्याकाळी पत्रक काढलं: देखरेखीखालच्या संस्थांपैकी फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. दोन्ही शेअर बाजार चालू राहिले, काही दलालांच्या यंत्रणा अडखळल्या. याचं श्रेय आपल्या तयारीला देण्याची घाई करू नये. रिझर्व्ह बँकेच्याच म्हणण्याप्रमाणे बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका मोजक्याच होत्या. त्या शुक्रवारी आपण वाचलो ते सगळ्यांनी एकच माल न घेतल्यामुळे.

यातून जो वाद उभा राहिला तो अजून चालू आहे. बाहेरच्या कंपनीच्या प्रोग्रामला कर्नलमध्ये बसू द्यायचं का? सोसायटीच्या वॉचमनकडे प्रत्येक फ्लॅटची किल्ली असावी का, तसा हा प्रश्न आहे: चोर पकडायला ती सोयीची, आणि वॉचमनला फेफरं आलं तर सगळी इमारत उघडी. ॲपलने २०१९-२० पासून मॅकच्या कर्नलमधून बाहेरच्यांना हळूहळू हुसकावलं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की युरोपीय आयोगाशी २००९ मध्ये झालेल्या समझोत्यामुळे आपले हात बांधलेले आहेत. सुरक्षा कंपन्यांचं म्हणणं, आम्हाला बाहेर काढाल आणि स्वतःचा माल आत ठेवाल, मग ही स्पर्धा कसली? दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा प्रोग्राम कर्नलबाहेर चालवण्याची सोय निवडक कंपन्यांना चाचणीसाठी द्यायला सुरुवात केली, आणि त्याच सुमारास बदनाम निळ्या पडद्याचा रंग काळा केला. रंगबदलाची बातमी अर्थातच जास्त गाजली.

क्राउडस्ट्राइकच्या त्या शुक्रवारच्या चार महिने आधी याच्या उलट घडलं होतं. तेव्हा एका लहान आकड्याने जग वाचवलं. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रावर लॉगिन करायला नेहमी लागतात तीन दशांश सेकंद, आता लागतात आठ दशांश. फरक अर्ध्या सेकंदाचा. दुसऱ्या कोणी चहाचा घोट घेऊन सोडून दिलं असतं. त्याने धागा ओढला आणि निघालं काय, तर फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. हे साधन एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. दोन वर्षांहून जास्त काळ त्याचा विश्वास कमावून, मदतनीस बनून, मग दरवाजा बसवला गेला. चोरदरवाजा मुख्य प्रवाहातल्या सिस्टीमांत पोचण्याआधी २९ मार्चला फ्रॉइंडने जाहीर बोंब मारली. कोट्यवधी सर्व्हर आणि त्यांच्या पायाखाली एक दमलेला माणूस. ही व्यवस्था आजही बहुतांशी तशीच आहे.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवरच्या भांडणाचा उल्लेख केल्याशिवाय सध्याच्या वादांची यादी पुरी होत नाही. कर्नल सी भाषेत लिहिलेला आहे, आणि स्मृतीत भलत्या जागी हात घालण्याची मुभा ही त्या भाषेची जुनी खोड. एकविसाव्या रकान्याची चूक त्याच जातीची. आपल्याकडच्या सुरक्षेच्या भगदाडांपैकी सुमारे ७० टक्के याच प्रकारची असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. अँड्रॉइडने नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतल्यावर हे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ पर्यंत २४ टक्क्यांवर आलं. लिनक्समध्ये रस्ट डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत शिरली आणि लगेच घरात सवत आल्यासारखं वातावरण झालं. जुन्यांनी दोन भाषांच्या मिश्रणाला कर्करोग म्हटलं, नव्यांतल्या काहींनी राजीनामे फेकले. २०२५ च्या अखेरीस कर्नलच्या कारभाऱ्यांनी रस्टवरची 'प्रायोगिक' ही पाटी काढून टाकली. माझं मत विचाराल तर आकडे रस्टच्या बाजूने आहेत, पण चार कोटी ओळी पुन्हा लिहायला कोणाचं आयुष्य पुरणार नाही. सी आपल्या नातवंडांपर्यंत राहील.

एकतीस बिटांची गोष्ट मात्र नातवंडांपर्यंत थांबणार नाही. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टीम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेने, सेकंदांत. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. म्हणून एखादं उपकरण तारीख विसरलं की ते १ जानेवारी १९७०, ५.३० असं दाखवतं. जुन्या यंत्रांत हे सेकंद ठेवायला एकतीस बिट आहेत आणि त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. तो भरेल १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. वार मंगळवार. सिद्धिविनायकाला रांग लागलेली असेल आणि दादरला फास्ट लोकल भरून वाहत असतील.

पुढच्या सेकंदाला न सुधारलेलं यंत्र मागे उडी मारेल, थेट १३ डिसेंबर १९०१ मध्ये. लंडनला तेव्हा रात्रीचे पावणेनऊ. मुंबईत किती, हा प्रश्न गमतीचा आहे, कारण भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. त्याआधी मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि प्रमाणवेळ आल्यावरही शहराने ते हट्टाने कित्येक वर्षं चालवलं. त्या हिशेबाने १४ तारखेची मध्यरात्र उलटून एक वाजून छत्तीस मिनिटं झालेली असतील. आजच्या यंत्रांना मात्र मुंबईचं घड्याळ माहीत नाही. गिरगावातल्या फोनच्या आतही वेळेचा पत्ता 'एशिया-कोलकाता' असाच लिहिलेला असतो!

उपाय जुनाच आहे. सेकंद मोजायला ६४ बिट वापरले की पुढची २९,२०० कोटी वर्षं चिंता नाही, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या एकवीसपट. लिनक्सने ३२ बिटांच्या यंत्रांसाठीची ही दुरुस्ती २०२० मध्ये पुरी केली, डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत. प्रश्न फोनचा किंवा लॅपटॉपचा नाही, ते तोवर भंगारात गेलेले असतील. प्रश्न जिन्याखाली धूळ खात बसलेल्या सीसीटीव्हीच्या डब्याचा, लिफ्टच्या कंट्रोलरचा, कारखान्यातल्या नियंत्रकाचा आहे. अशा वस्तू एकदा भिंतीला लागल्या की पंधरा-वीस वर्षं कोणी त्यांच्याकडे बघत नाही.

आणि ज्यांच्याकडे रोज बघितलं जातं त्यांचं काय होतं, ते लॅमिंग्टन रोडवर दिसतं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच. एखाद्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं की एकच विधी पुनःपुन्हा बघायला मिळतो. गिऱ्हाईक जुना लॅपटॉप काउंटरवर ठेवतं. पोरगा तो उलटा करून स्टिकर वाचतो, मग चालू करून विंडोज आणि आर दाबतो, टीपीएम डॉट एमएससी टाइप करतो आणि पडदा बघून मान हलवतो. "सेवन्थ जनरेशन आहे काका. इलेव्हन नाही पडणार. बायपास करून देऊ?"

विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, ऐन दिवाळीच्या आठवडाभर आधी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. २०१७ च्या सुरुवातीला हौसेने घेतलेलं, आजही उत्तम चालणारं यंत्र त्यात बसत नाही. पाठिंबा थांबला तेव्हा जगातल्या विंडोज यंत्रांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास यंत्रं १० वरच होती. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता की या निर्णयाने २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, वजन ४८ कोटी किलो. प्रत्येकाची रुंदी ३५ सेंटिमीटर धरून ते ओळीने मांडले तर पृथ्वीला दोन वेढे पडतात. एकही बिघडलेला नसताना.

गिरगावात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने टोचते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून या भागाच्या हाताला शाई लागलेली आहे. आज गल्लीबोळांतले डीटीपीवाले लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल आणि बाराव्याची कार्डं लावतात ती बऱ्याचदा पेजमेकर या जुन्या प्रोग्रामवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. सोबत श्रीलिपीचे जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट आणि ते चालायला मागे खोचलेलं डोंगल. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघालेली नाही, आणि डोंगलचा जुना ३२ बिटी ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चढत नाही. वीस वर्षांच्या पत्रिका, मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, सगळं त्या फायलींत आहे. म्हणून टेबलाखाली विंडोज एक्सपीचा एक डबा इंटरनेटची वायर काढून जपलेला असतो. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने कधी चारशे पानांची मराठी स्मरणिका जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणून पाहावी. जोडाक्षरं आणि रफार तपासता तपासता डोळे जातात.

शिवाय एक्सपीला चिकटून राहणारा हा एकटाच नव्हता. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. आपल्या बँकांची कित्येक एटीएम त्यानंतरही एक्सपीवरच नोटा मोजत होती. शेवटी २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून टप्पे आखून द्यावे लागले: सप्टेंबरपर्यंत एक चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम नव्या सिस्टीमवर. पाठिंबा संपल्यावर पाच वर्षं आणि दोन महिने. ज्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती आणि डोक्यावर रिझर्व्ह बँक होती, त्यांची ही गत. गिरगावातल्या एकट्या डीटीपीवाल्याला मात्र आपण मागासलेला म्हणतो.

कंपन्यांसाठी विंडोज १० ची वाढीव मुदत पैसे मोजून मिळते: यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. घरगुती वापरासाठी एका वर्षाचे ३० डॉलर, किंवा आपल्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडायच्या आणि फुकट घ्यायची. जुन्या यंत्रावर लिनक्स टाकायला पैसे पडत नाहीत. पत्रं, हिशेब आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर ते सुखाने चालतं; टॅली किंवा जुनं डोंगल असेल तर आधी दुकानात बसून चालवून पाहा, मगच पैसे द्या. बायपास करून ११ टाकून घेणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचा इशाराही लक्षात ठेवावा: अशा यंत्रांना अपडेट मिळत राहण्याची हमी कंपनी देत नाही.

घरगुती वाढीव मुदत घेतली असेल तर तिचा शेवटचा दिवस आहे १३ ऑक्टोबर २०२६. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथे खूण करा, आणि त्याआधी फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.